कधीपासून म्हणालीस?

"आज वार कोणता, सर?"

"तुला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे."

"मग मला कशाला विचारतेस?"

वैजयंतीने हातातला तपासणीचा कागद सरळ केला. पुण्याच्या तिच्या दवाखान्यात हा प्रश्न ती रोज विचारत असे, आणि उलट प्रश्न करायची तिथे कुणाची छाती नव्हती. तिथली माणसं वार आठवताना कपाळाला आठ्या घालत, चोरून बायकोच्या तोंडाकडे पाहत आणि चुकली की ओशाळं हसत.

डॉ. शांतवन वाघचौरे हसले नाहीत. ते नुसते तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तपासणीचा भाग आहे, सर."

"असेल. आमच्या वेळी रोग्याला आपण आपल्याला ठाऊक नसलेलं विचारत असू."

प्रवरेकाठच्या त्या गावात, मिशनच्या जुन्या दवाखान्यात शांतवन डॉक्टरांनी उभी हयात घालवली होती. वडील पाळक. रविवारची उपासना झाली की ते मुलाला पुढ्यात बसवून ग्रीक शिकवायचे. मुलगा पाळक व्हावा एवढीच त्यांची इच्छा. मुलगा डॉक्टर झाला, पण शहरात रमला नाही. परत आला तो याच खोलीत येऊन बसला. गाव त्यांना शांतवनबाबा म्हणे. पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी ही खोली उघडायची आणि दुपार कलली की बंद करायची, यापलीकडे त्यांना दुसरं जग नव्हतं.

शिकाऊ डॉक्टर असताना वैजयंती कुलथे इथे वर्षभर राहिली होती. आता ती मेंदूची मोठी डॉक्टर होती. विसरणाऱ्या माणसांवर उपचार करण्यात तिचा हात धरणारं पुण्यात कुणी नव्हतं. सत्कारसमारंभात ती शांतवन सरांचं नाव आवर्जून घेई. इकडे फिरकणं मात्र कितीतरी वर्षांत जमलं नव्हतं.

आज तिला दवाखान्याच्या कमिटीने बोलावलं होतं.

कारण साधं होतं. शांतवन डॉक्टरांची एक रीत होती. रोगी बोलत असताना पेन उचलायचं नाही. सगळं ऐकायचं, मनात ठेवायचं आणि ओपीडी उठली की मग केसपेपरांवर उतरवायचं. एखाद्या विद्यार्थ्याने मध्येच लिहायला घेतलं, की ते त्याला व्हरांड्यात रोग्यांच्या बाकावर बसवून ठेवत. त्या बाकावर वैजयंतीही बसली होती, एकदा सोडून अनेकदा.

त्याच रीतीने आता घात केला होता. ओपीडी उठायची, केसपेपर समोर यायचे आणि डॉक्टर कोऱ्या कागदांकडे बघत बसायचे. कुणी काय सांगितलं, काही म्हणता काही आठवायचं नाही. मध्यंतरी त्यांनी एकाच चिठ्ठीवर रक्तदाबाची तीच गोळी दोनदा लिहिली. जुन्या नर्स रूथबाई, त्यांच्या नजरेला ते पडलं म्हणून निभावलं. कमिटीच्या कानावर त्यांनीच घातलं आणि घालताना त्या रडल्या.

कमिटीतली माणसं भली होती. म्हाताऱ्या डॉक्टरला हात धरून उठवायचं पाप त्यांना नको होतं. त्यांना चार ओळींचा दाखला हवा होता. डॉक्टर खोलीत बसायला योग्य, की अयोग्य. अयोग्य असतील तर सोमवारपासून खोली बंद, आणि रोगी समोरच्या खोलीतल्या नव्या डॉक्टरांकडे.

दाखला कुणी द्यायचा, हे मात्र डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "वैजयंतीला बोलवा," म्हणाले.

वैजयंती हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. पेशंटचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या मनात निदान तयार असे. आज तर तेवढीही गरज पडली नव्हती. निदान तिने येताना गाडीतच केलं होतं, पेशंट पाहायचा तेवढा राहिला होता.

तरी तिने रीतसर सगळं केलं. तीन शब्द सांगितले: लिंबू, कुलूप, नदी. थोड्या वेळाने विचारीन, म्हणाली. शंभरातून सात वजा करत यायला सांगितलं. घड्याळ काढायला लावलं. डॉक्टरांनी काढलं, आकडेही नीट मांडले, पण काटे घालायचे राहून गेले. कागद परत देताना ते म्हणाले की हे घड्याळ बरं आहे, कुणाला घाई करत नाही.

वैजयंतीला हसू आलं नाही. तिला राग आला, आणि राग कुणावर हे कळेना.

"मघाशी सांगितलेले शब्द, सर?"

"कसले शब्द?"

"तीन शब्द होते."

"तुला लागणार होते का ते?" डॉक्टर काळजीने म्हणाले. "मग लिहून ठेवायचेस."

तिने कागदावर एक शून्य मांडलं.

डॉक्टरांनी ते शून्य पाहिलं. मग सावकाश चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"मी विसरतो, वैजयंती. एवढं शोधायला पुण्याहून कशाला आलीस? रूथने फोनवर सांगितलं असतं."

हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की तिने त्या शून्यावर तळहात ठेवला. ज्या माणसाने तिला नाडीवर बोट ठेवायला शिकवलं, त्याच्या नावापुढे ती शून्य मांडत होती.

...

"एक शब्द होता," डॉक्टर मध्येच म्हणाले. "ग्रीकांचा. वॉर्डात तुम्हाला सांगायचो मी. आता जिभेवर येत नाही."

"ॲनाम्नेसिस," वैजयंती ताबडतोब म्हणाली.

"हां. तोच."

वर्गात पहिला नंबर काढणारी मुलगी माणूस मोठं झालं तरी आत शाबूत असते. वैजयंतीने विचारल्याशिवायच पुढचं सगळं म्हणून दाखवलं. ॲनाम्नेसिस म्हणजे आठवणं. जुने वैद्य रोग्याकडून दुखण्याची हकीकत काढून घेत, तिला हाच शब्द. ग्रीकांमधले काही विचारवंत म्हणत की माणूस नवं काही शिकतच नाही, आत्म्याला जे आधीपासून ठाऊक असतं ते त्याला फक्त आठवतं. त्यालाही हाच शब्द. आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकर मोडताना जे स्मरण करतात, तेही हेच. त्याबद्दल सरांचे वडील म्हणत की ते गेलेल्याची आठवण काढणं नव्हे, गेलेलं पुन्हा पंगतीला येऊन बसणं आहे.

"माझ्या वडलांचंसुद्धा लक्षात ठेवलंस," डॉक्टर म्हणाले. "तुझी स्मरणशक्ती फार चांगली."

ते शाबासकीसारखं का वाटलं नाही, ते तिला समजलं नाही.

"हे सांगून झालं की मी एक विचारायचो तुम्हाला."

तेही तिच्या लक्षात होतं. आठवणं, आठवणं म्हणता, पण आठवायचं कुणी? खाटेभोवती सगळे शिकाऊ डॉक्टर माना खाली घालून उभे असत. सरही उत्तर न सांगताच पुढच्या खाटेकडे वळत.

"आज सांगू?" ती म्हणाली. "डॉक्टरने. रोगी काय, येतो, सांगतो, घरी जातो. लक्षात ठेवायची जबाबदारी डॉक्टरची. म्हणून तर सर..."

पुढचं तिने गिळलं. म्हणून तर तुम्हाला आता थांबायला हवं, असं ते वाक्य होतं.

"असं म्हणतेस..." डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. हौसाबाई नावाच्या एक बाई दारात उभ्या होत्या, शेजारच्या वाडीच्या, साठीच्या आतबाहेरच्या. ओपीडी उठलीय हे त्यांना दिसत होतं, पण त्या हलेनात. डॉक्टरांनी हातानेच आत या म्हटलं. वैजयंती खुर्ची सरकवून कोपऱ्यात बसली. चालत्या कामात पेशंटचं निरीक्षण करायला मिळतंय, तर तिला ते हवंच होतं. पेशंट म्हणजे सर.

हौसाबाईंना चक्कर येत होती. उठलं की घर फिरतं, म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं, बाबा."

डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली. खिडकीबाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, तिकडे त्यांचं लक्ष गेलं. मग ते वळले आणि त्यांनी अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं विचारलं, "कधीपासून म्हणालात?"

वैजयंतीने कागदावर लिहिलं: तोच प्रश्न पुन्हा. त्याखाली ठसठशीत रेघ मारली.

हौसाबाईंनी कंटाळा केला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "सुनेनं येगळी चूल मांडली तवापासनं."

हे उत्तर वैजयंतीने लिहिलं नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. दारात उभ्या रूथबाईंनी ती आधी आपल्या डोळ्यांखालून घातली आणि मगच बाईंच्या हातात दिली. अलीकडे त्या एकही चिठ्ठी वाचल्याशिवाय सोडत नसत. डॉक्टरांना ते दिसत होतं. ते दुसरीकडे बघत हात धुवायला गेले.

वैजयंती हौसाबाईंच्या मागोमाग व्हरांड्यात आली. तिला राहवेना.

"बाई, डॉक्टर विसरतात हल्ली. माहीत आहे ना तुम्हाला?"

"ठाव हाय की. समद्या गावाला ठाव हाय."

"मग तालुक्याला एवढे दवाखाने आहेत. यांच्याकडेच का येता?"

हौसाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणूनच येते," म्हणाल्या, आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

खेड्यातल्या माणसांची भाबडी श्रद्धा, असं मनाशी म्हणून वैजयंती खोलीत परतली. काही उमगलं नाही की भाबडेपणाच्या खात्यावर टाकावं, ही शिकलेल्यांची जुनी सवय आहे.

रूथबाईंनी चहा आणला होता आणि एका ताटलीत दोघांसाठी थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. वैजयंतीला थालीपीठ आवडतं हे त्यांनी इतक्या वर्षांनीही ध्यानात ठेवलं होतं. वैजयंती म्हणाली की नाश्ता उशिरा झालाय, नको. तिने चहाचा कप तेवढा उचलला आणि दाखल्याचा कागद मांडीवर घेतला.

"तुझं कसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"छान चाललंय, सर."

"..."

"दवाखाना मोठा केला. आता हाताखाली चार डॉक्टर आहेत."

"..."

डॉक्टर काही बोलत नव्हते. नुसते बघत होते, आणि त्या बघण्यात घाई नव्हती. ही युक्ती वैजयंतीला चांगली माहीत होती. रोग्यापुढे आपण गप्प राहिलो की तो बोलतो, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना पडद्यावर चित्रं दाखवून शिकवत असे. युक्ती माहीत असली तरी तिला दाद द्यायची नाही, असं काही माणसाच्या हातात नसतं.

"घास अडकतो, सर," ती म्हणाली. "घशात."

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं. काम फार वाढलं तेव्हापासून. दुर्बीण घालून पाहिलं, गिळण्याचा एक्स-रे झाला, सगळं नॉर्मल आहे. ताणाचं असणार."

हे तिने एखाद्या पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवताना सांगावं तसं सांगितलं. तिला हे पाठ होतं. घशाच्या डॉक्टरला हेच सांगितलं होतं, पोटाच्या डॉक्टरलाही हेच.

डॉक्टर मान हलवत राहिले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, सावकाश प्यायला. बशी खाली ठेवली आणि तिच्याकडे वळले.

"कधीपासून म्हणालीस?"

क्षणभर तिचं डोकं तडकलं. मग लगेच कणव आली. बिचारे सर. आपण रागावून कसं चालेल? तिने मघाचंच उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते वेगळंच.

"आई गेली त्या सुमारास." ती थांबली. "नाही. त्याच्याही आधी. तेराव्याला सगळ्यांनी गोड खाल्लं, तेव्हा मला लाडू उतरला नाही. म्हणजे तेव्हा ते होतंच."

तिची ती चकित झाली. इतक्या तपासण्या झाल्या, इतक्या जणांना हकीकत सांगितली, पण तेराव्याचा लाडू कुणापुढे निघाला नव्हता. तिच्या स्वतःपुढेसुद्धा नाही.

"आई..." डॉक्टर म्हणाले. "कुठे असायची?"

"श्रीरामपूरला. एकटीच. पुण्याला करमत नाही म्हणायची."

व्हरांड्यात रूथबाई बाकं पुसत होत्या, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. डॉक्टरांची नजर खिडकीतून लांब कुठेतरी गेली होती. वैजयंतीला वाटलं, झालं, सुटले. तिने पेन उचललं.

"हं... कधीपासून म्हणालीस?"

वैजयंतीने वर पाहिलं. सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. हा आजार आहे की हे मुद्दाम विचारताहेत? हे ओळखण्यावर तर तिचं पोट होतं. लोक तिच्याकडे लांबलांबून त्यासाठी यायचे. त्या दोन म्हाताऱ्या, पाणावलेल्या डोळ्यांत तिला काहीच वाचता आलं नाही. तिथे फक्त प्रश्न होता, आणि तो ताजा होता.

"आई विसरायला लागली होती, सर."

"..."

"रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलीस का, म्हणून विचारायची. मी सांगायची, अजून नाही, जेवेन. दोन वाक्यं झाली की पुन्हा, जेवलीस का? मला कळलंच होतं काय ते. मला नाही कळणार तर कुणाला! तिला पुण्याला आणून सगळ्या तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. सगळं वेळच्या वेळी केलं."

"..."

"एकदा मी राउंडवर होते. बरोबर विद्यार्थी होते. तिने तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, आई, आत्ताच सांगितलं ना? फोनपाशी लिहून ठेव." वैजयंतीचा आवाज खाली गेला. "ती बरं म्हणाली. नुसतं बरं. त्यानंतर तिने मला ते कधीच विचारलं नाही."

"..."

"फोन करायची. पाऊस आहे का, गाडी सांभाळून चालव, सगळं बोलायची. ते तेवढं नाही. आणि सर, मला वाटलं गोळ्या लागू पडल्या. मी तिच्या केसपेपरवर लिहिलं तसं. प्रश्नांची पुनरावृत्ती कमी."

तिने तोंडावर हात धरला. विसरणाऱ्या आईने एवढी एक गोष्ट कशी लक्षात ठेवली असेल, हे आज पहिल्यांदा तिच्यापुढे उभं राहिलं. रोज फोन उचलताना आई ते शब्द मनाशी धरून बसत असेल. विचारायचं नाही, विचारायचं नाही. वैजयंतीला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही.

"त्या संध्याकाळपासून, सर," ती म्हणाली. "तेव्हापासून अडकतं."

डॉक्टरांनी समजूत घातली नाही. तुझा दोष नाही, असं म्हणाले नाहीत. तिची बोटं पेनाभोवती आवळली होती. त्यांनी एकेक बोट हलकेच सोडवलं, पेन काढून घेतलं आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवून दिलं. मग थालीपीठाचा एक तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.

तिने तो खाल्ला. घास अडकला. मात्र आज तो कशाला अडतोय हे तिला माहीत होतं. ती चहाच्या घोटाबरोबर तो उतरायची वाट पाहत बसली, आणि बऱ्याच वेळाने तो उतरला.

"सर, तुम्ही मला तीनदा विचारलंत," डोळे पुसत ती म्हणाली. "मुद्दाम?"

"काय विचारलं?"

...

ऊन खिडकीतून पार टेबलावर आलं होतं. कागद वैजयंतीच्या मांडीवर तसाच होता. तो टाळून चालणार नव्हतं. चुकीची गोळी कुणाचा तरी जीव घेऊ शकते, आणि त्यापुढे गुरूबद्दलची माया कामाची नाही. हेही तिला याच खोलीत शिकवलेलं होतं.

"मला खरं लिहावं लागेल, सर."

"खरंच लिही."

"औषधाची चिठ्ठी तुम्ही आता लिहायची नाही. एकही नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना लागलं, ते दिसलं. औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, कडा सारख्या केल्या आणि तिच्यापुढे ठेवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "रूथला किती दिवस दारात उभी करायची..."

जे विचारायचं होतं ते त्यांना विचारवत नव्हतं. भिंतीवरून, तपासायच्या खाटेवरून, दाराच्या खुंटीवर लटकणाऱ्या आपल्या टोपीवरून त्यांची नजर फिरून आली.

"आणि ही खोली?"

वैजयंतीने मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. गाडीत तयार केलेल्या दाखल्यात खोलीचं एक वाक्य होतं आणि ते अगदी स्पष्ट होतं. ते आता तिला लिहिता येईना. लिहिता का येत नाही, ते तिला नेमकं सांगताही आलं नसतं. हौसाबाई आठवल्या. दिवाळीपासून, असं त्या आधी म्हणाल्या होत्या. मग सुनेची चूल निघाली होती. त्या वेळी आपण रेघ मारत होतो. आठवायचं कुणी, हा सरांचा जुना प्रश्न आता तिला वेगळाच वाटला.

"सर, एक विचारू? मी आत्ता जे सांगितलं, आईचं... ते उद्या तुमच्या लक्षात असेल?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. खोटा दिलासा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता.

"नसेल, पोरी," ते म्हणाले. "तू गेलीस की संध्याकाळपर्यंत जाईल बहुतेक."

वैजयंतीला वाईट वाटायला हवं होतं. तिला हायसं वाटलं.

तिने टेबलापलीकडचं पेन घेतलं आणि लिहायला सुरुवात केली. स्मृती क्षीण झाली आहे, असं लिहिलं. ती सुधारणार नाही, असंही लिहिलं. औषधं समोरच्या खोलीतल्या नव्या डॉक्टरांनी द्यावीत, आणि रोगी शांतवन डॉक्टरांकडून उठला की त्याचा केसपेपर रूथबाईंनी त्या रोग्याला विचारून भरावा. शेवटी तिने लिहिलं की डॉक्टरांनी या खोलीत बसणं थांबवू नये. खाली सही केली.

डॉक्टरांनी चष्मा लावून दाखला वाचला. शेवटच्या ओळीपाशी आले, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचू लागले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"कमिटी मला वेड्यात काढेल, सर," वैजयंती म्हणाली. तिलाही हसू येत होतं, नाक अजून लाल होतं. "म्हणतील, ज्याला सकाळचं दुपारी आठवत नाही, असा माणूस रोग्यांपुढे बसवून करायचं काय? मी काय सांगू त्यांना?"

डॉक्टरांनी दाखल्याची घडी केली आणि तिच्या हातात दिली. व्हरांड्यातल्या बाकावर कुणीतरी येऊन बसल्याची चाहूल लागली होती. ओपीडी कधीच उठली होती, तरीही ते दाराकडे वळले.

"सांग त्यांना..." ते म्हणाले. "लक्षात ठेवणारे पुष्कळ आहेत. एखादा विसरणारा असू द्या."